‘साधा ताप’ म्हणून घालवलेले साडेचार तास

मी दुबईत साइट सुपरवायझर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा, इथे अकरा वर्षं. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण या लेखात जे लिहितोय ते डॉक्टरांनी कधीच लिहून ठेवलंय. आपल्या कॅम्पपर्यंत ते पोचलेलं नाही, किंवा पोचू दिलेलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय.

आमच्या गँगमध्ये एक शटरिंग कारपेंटर होते. वय सत्तेचाळीस, गाव चिपळूणकडचं. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. सोनापूरच्या कॅम्पात राहायचे. मुंबईच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं. तात्या त्यावर स्वतःच बोलायचे, "बघा, सोनापूरला राहून पण मी जिवंत आहे."

मागच्या जानेवारीत त्यांना फ्लू झाला. अंगात ताप, खोकला, अंग मोडून आलेलं. खोलीतल्या आठपैकी पाच जणांना तेच होतं. दोन दिवस तात्या पॅनाडॉल खाऊन ड्युटीवर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "साहेब, आज जमेल असं वाटत नाही." मी त्यांना म्हणालो, "तात्या, आज स्लॅबचं कास्टिंग आहे, तेवढं काढा, उद्या सुट्टी घ्या." त्यांनी मान हलवली. मी टाइमशीटवर हजेरी लावली. ती माझ्या हातची आहे. हा लेख कंपन्यांवर तर आहेच, पण आधी माझ्यावर आहे.

चौथ्या दिवशी पहाटे चारला तात्या उठले, खोलीतल्या पोराशी नीट बोलले. सव्वाचारच्या सुमाराला दात घासताना उजव्या हातातून ब्रश पडला. उचलायला गेले, जमेना. पलंगावर बसले. पोराला वाटलं तापाचा अशक्तपणा आहे. त्याने पाणी दिलं, पांघरूण घातलं आणि पाचच्या बसने तो ड्युटीवर निघून गेला. त्याचा दोष नाही. बस चुकली तर दिवस कट होतो, आणि समोरच्या माणसाला काय होतंय हे त्याला कोणी कधी शिकवलेलं नव्हतं.

सातला झाडूवाल्याने पाहिलं तेव्हा तात्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द फुटत नव्हता. कॅम्प बॉस म्हणाला, क्लिनिक आठला उघडतं, आधी तिथून चिठ्ठी आणा. क्लिनिकात साडेआठला बीपी पाहिलं, खूप वाढलेलं. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. गाडी पीआरओ घेऊन गेला होता, ती आली अकराला. हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हा माणूस शेवटचा ठीक कधी होता?" सोबत गेलेल्या ड्रायव्हरला काहीच माहीत नव्हतं. शेवटी मला फोन आला, मी साइटवर त्या पोराला शोधलं, तेव्हा सव्वाचार ही वेळ कळली.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सव्वाचारमध्ये साडेचार मिळवा. पावणेनऊ होतात. तात्या साडेआठला क्लिनिकात होते, चिठ्ठीच्या रांगेत. हॉस्पिटलात स्कॅन झालं तेव्हा मेंदूचं नुकसान पक्कं होऊन बसलं होतं. आज ते गावी आहेत. उजवा हात नाही, पाय ओढत चालतात, बोलणं दोन-चार शब्दांचं. मुलगा बारावीला होता, तो आता एका दुकानात कामाला जातो.

कंपनीच्या कागदावर कारण लिहिलं, "नैसर्गिक आजार". मला या ‘नैसर्गिक’शी भांडायचं आहे.

ताप आणि स्ट्रोक यांचा संबंध

आपल्याकडे समज असा की स्ट्रोक म्हणजे लकवा, तो म्हाताऱ्यांना होतो, टेन्शनने होतो, नशिबात असेल तर होतो. तापाशी त्याचा काय संबंध? मलाही वाटायचं. तात्यांनंतर मी वाचायला लागलो.

२००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात एकाच माणसाच्या आजारपणाच्या दिवसांची त्याच्याच चांगल्या दिवसांशी तुलना केली होती. श्वसनाचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत स्ट्रोकचा धोका तीन पटींहून थोडा जास्त निघाला. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू उतरला. म्हणजे आपल्या कॅम्पात ज्या दिवसांना ‘साधा ताप, दोन गोळ्या घे आणि चल’ म्हणतात, नेमके तेच दिवस सगळ्यात नाजूक असतात.

मग कोविड आला. स्वीडनमध्ये सुमारे ८७ हजार कोविड रुग्णांचा हिशोब मांडला गेला, २०२१ साली लॅन्सेटमध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात गुठळीच्या स्ट्रोकचा धोका जवळपास तिप्पट, दुसऱ्या आठवड्यातही साधारण तितकाच. न्यूयॉर्कच्या दोन हॉस्पिटलांत २०२० साली पाहिलं गेलं, तर तिथे आलेल्या कोविड रुग्णांत १.६ टक्के लोकांना असा स्ट्रोक झाला होता. फ्लूच्या रुग्णांत तेच प्रमाण ०.२ टक्के होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांत आलेल्या पाच रुग्णांबद्दल लिहिलं. पाचही पन्नाशीच्या आतले, सगळ्यांत लहान ३३ वर्षांची. मोठ्या नळीत गुठळी. माझं वय तेव्हा तेवढंच होतं, आणि मी कॅम्पात खोकणाऱ्या माणसांची हजेरी घेत होतो.

आणि झालेला स्ट्रोक सौम्य असतो असंही नाही. २०२० मध्येच १६ देशांतल्या १७४ कोविड-स्ट्रोक रुग्णांची नोंद एकत्र केली गेली. स्ट्रोकची तीव्रता मोजायचं एक कोष्टक असतं, आकडा जितका मोठा तितकं वाईट. कोविड असलेल्यांचा मधला आकडा १० आला, तसेच पण कोविड नसलेल्या रुग्णांचा ६. मृत्यूही जास्त आणि मागे राहिलेलं अपंगत्वही जास्त.

असं का होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. शरीर जंतूशी लढायला लागलं की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी चिकट होतात. नळीत आधीच चरबीचा थर साचलेला असेल तर तो फुटू शकतो. हृदयाचे ठोके बिघडले तर तिथे गुठळी होऊन वर मेंदूत जाऊ शकते. यात घाम आणि पाणी कमी पिणं मिळवा, रक्त आणखी घट्ट होतं. यात बीपी मिळवा. तात्यांना बीपी होतं. गोळ्या गावाहून आणायचे, डिसेंबरात संपल्या होत्या, कोणी येणारा भेटला की मागवू म्हणत होते. बंद नाकासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांनीसुद्धा बीपी वाढतं, हे तर मला या वयात कळलं.

आता सांगा, यात निसर्ग किती आणि कंपनी किती? व्हायरस निसर्गाचा. पण एका खोलीत आठ माणसं कोणी कोंबली? तापात बारा तास उभं कोणी केलं? बीपीची शेवटची तपासणी व्हिसाच्या मेडिकलला झाली, त्यानंतर कोणी विचारलं? चिठ्ठीची रांग कोणी लावली?

"सगळ्यांनाच ताप येतो, स्ट्रोक कोणाला होतो?"

हे मला आमच्या प्रोजेक्टवरच्या एका माणसाने तोंडावर विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. फ्लू झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, चार-पाच दिवसांत उठून कामाला लागतात. धोका तिप्पट झाला तरी तो मुळात थोडा असतो. मी कोणाला घाबरवायला बसलेलो नाही.

पण मग उंचीवर काम करणारे बहुतेक जणसुद्धा खाली पडत नाहीत. तरी आपण हार्नेस घालायला लावतो, नाही घातला तर दंड करतो, परमिटशिवाय वर चढू देत नाही. सेफ्टीचा अर्थच तो आहे. शंभर वेळा काही होत नाही, एकदा होतं, आणि त्या एकदासाठी सगळी व्यवस्था उभी करायची. रोज सकाळच्या टूल बॉक्स टॉकमध्ये आपण हेल्मेट सांगतो, शूज सांगतो, उन्हाळ्यात पाणी प्या सांगतो. ताप असेल तर हात वर करा, असं मी अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नाही आणि एकदाही म्हणालो नाही.

दुसरं उत्तर मिळतं ते असं, "कामगारच ताप लपवतो, आम्ही काय करणार?" हो, लपवतो. का लपवतो ते विचारा. यूएईच्या २०२१ च्या ३३ नंबरच्या कामगार कायद्यात कलम ३१ आहे. प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांची सिक लीव्ह. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. प्रोबेशनमध्ये पगारी सिक लीव्ह नाही, म्हणजे नवा आलेला, एजंटचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा सगळ्यात आधी लपवणार. जुना कामगारही लपवतो, कारण त्याचं घर चालतं ओव्हरटाइमवर आणि हजेरीच्या बोनसवर. एक दिवस खाडा पडला की दोन्ही जातात. शिवाय मेडिकल रिपोर्ट आणायचा तर क्लिनिकला जायला गाडी नाही, आणि फोरमनच्या वहीत नावापुढे ‘कामचुकार’ लागतं. इतकं सगळं रचून ठेवायचं आणि मग म्हणायचं की तोच लपवतो.

मिक्सरची वेळ बघतो, माणसाची नाही

तात्यांना तापात उभं केलं त्या दिवशीच्या कास्टिंगची एक गोष्ट मला झोपू देत नाही. दुपारी एक ट्रान्झिट मिक्सर आला. चलनावर बॅचिंगची वेळ बघितली, आमच्या स्पेकमधली दोन तासांची मर्यादा ओलांडली होती. मी तो परत पाठवला. ड्रायव्हर विनवण्या करत होता, मी ऐकलं नाही. बरोबरच केलं, उशिराचं काँक्रीट कॉलममध्ये गेलं तर पुढे जिवावर बेतेल.

सात क्यूबिक मीटर मालाला चलन आहे. त्यावर निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, ओतल्याची वेळ आहे, सही आहे. दुसऱ्या दिवशी त्याच कॅम्पातून माणूस निघाला, त्याच्या कागदावर एकही वेळ नव्हती. डॉक्टरांनी हिशोब केलाय की मोठी नळी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. काँक्रीट आपल्याला दोन तास तरी देतं.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतो? कामावर अपघात झाला तर याच कायद्यात तरतूद आहे. उपचाराचा खर्च, सहा महिने पूर्ण पगार, मृत्यू झाला तर २४ महिन्यांच्या बेसिकइतकी भरपाई, कमीत कमी १८ हजार आणि जास्तीत जास्त दोन लाख दिरहम. स्कॅफोल्डवरून पडून पांगळा झालेला आणि तापात उभं केल्यावर पांगळा झालेला, दोघांच्या घरची चूल सारखीच विझते. पण दुसऱ्याच्या कागदावर ‘नैसर्गिक’ लिहिलं की फाइल बंद. ना चौकशी, ना अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद. मग सेफ्टी बोर्डावर ‘अपघाताविना इतके लाख तास’ लिहायला मोकळे. तात्या चिपळूणला पाय ओढत चालतात, आमच्या बोर्डावरचा आकडा वाढत चाललाय.

मागणी काय आहे

मोठं काही मागत नाही.

एक, ताप असेल तर ड्युटी नाही, आणि त्या दिवसाचा बोनस कट नाही. सुपरवायझरला माणूस परत पाठवायचा अधिकार लेखी द्या. आज तो माणूस पाठवला तर मॅनपॉवर कमी का, म्हणून मलाच विचारलं जातं.

दोन, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला कॅम्प बॉसची परवानगी लागू नये. नंबर ९९८ आहे. तो प्रत्येक खोलीच्या दारावर हिंदी, मराठी, बंगाली, तेलुगू, नेपाळी, सगळ्या भाषांत लावा. क्लिनिकची चिठ्ठी नंतर बनवा.

तीन, कॅम्पात दर तीन महिन्यांनी बीपी आणि साखर तपासा. गोळ्या इथल्या इन्शुरन्समधून मिळाल्या पाहिजेत. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा मालकाने काढायचा आणि हप्ताही त्यानेच भरायचा आहे. गावाहून येणाऱ्याच्या बॅगेवर माणसाचा मेंदू अवलंबून ठेवू नका.

चार, थंडी सुरू व्हायच्या आधी कॅम्पातच फ्लूची लस द्या. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात चाळीस लाखांवर प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०२२ साली तो अभ्यास लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आला. लस घेतल्यानंतरच्या काळात स्ट्रोकचा धोका सुमारे २२ टक्के कमी दिसला. एका लसीचा खर्च एका मिक्सरच्या वेटिंग चार्जपुढे काहीच नाही.

पाच, कॅम्पात किंवा साइटवर स्ट्रोक, हार्ट अटॅक झाला की अपघातासारखीच चौकशी करा. आधीच्या सात दिवसांत ताप होता का, किती तास ड्युटी केली, लक्षण कधी दिसलं, अ‍ॅम्ब्युलन्स कधी बोलावली. हे चार रकाने भरायला लागले की ‘नैसर्गिक’ लिहिताना हात थबकेल.

तोपर्यंत आपण काय करायचं

कंपनी ऐकेपर्यंत खोलीतल्या भावांनीच एकमेकांना सांभाळायचं आहे. म्हणून हे पाठ करा.

माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का. एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का. अचानक तोल जाणं, अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, हेही धोक्याचं. यातलं एक जरी दिसलं तरी ९९८ लावा. घड्याळ बघा आणि वेळ त्याच्या हातावर पेनाने लिहा. ‘शेवटचा ठीक कधी’ ही वेळ सोबत गेली पाहिजे.

तोंडात काही घालू नका. पाणी नाही, लिंबू सरबत नाही, गिळता न आल्याने ते फुप्फुसात जाऊ शकतं. अ‍ॅस्पिरिनही नाही. स्ट्रोक गुठळीने झालाय की रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय डॉक्टरलाही कळत नाही. कांदा हुंगवणं, तेल चोळणं, अंगारा लावणं, यात मिनिटं जातात. आणि उशीर झालाय म्हणून खोलीत ठेवू नका. मोठ्या नळीतली गुठळी तार घालून काढता येते, साधारण सहा तासांत, काही रुग्णांत २४ तासांपर्यंतसुद्धा. ते ठरवणं हॉस्पिटलचं काम आहे.

ताप आला तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कंपनीला कळवा आणि मेडिकल रिपोर्ट द्या, तर सिक लीव्हचा हक्क राहतो. फोनवर सांगितलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर परत लिहा. कोणी तापात जबरदस्तीने बोलावलं तर तो मेसेज पुसू नका.

आणि माझ्यासारख्या सुपरवायझर, फोरमन भावांना एकच सांगतो. आपण मालक नाही, पण हजेरीचं पेन आपल्या हातात आहे. कास्टिंग एक दिवस पुढे गेलं तर ओरडा बसतो, फार तर पगारवाढ लांबते. मला तात्यांच्या घरी फोन करायचा असतो तेव्हा आधी दहा मिनिटं फोन हातात धरून बसतो. काकू फोन त्यांच्या कानाला लावतात. पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो, मग एकच शब्द येतो, "साहेब."

उद्या सकाळच्या टॉकमध्ये हेल्मेटच्या आधी विचारा, "रात्री ताप कोणाला होता?"